बुधवारची पुसलेली फरशी

प्रत्येक गुन्हेगार घटनास्थळी काही ना काही खूण सोडून जातो, हे गुन्हेशास्त्रातलं त्रिकालाबाधित सत्य आहे. बाईंच्या घरात येणारा गुन्हेगार जी खूण सोडून जायचा, ती म्हणजे स्वच्छ पुसलेली फरशी.

"कोपऱ्यांसकट," बाई म्हणाल्या. "माझा गुडघा वाकत नाही, त्यामुळे माझ्या हातून कोपरे निघत नाहीत. म्हणजे मी पुसलेली नाही, हे उघड आहे."

ताईने वहीत लिहिलं: फरशी. कोपरे.

ताई म्हणजे समाजकल्याण कचेरीतली समाजसेविका. तिला सगळेच ताई म्हणत. तिच्याहून अकरा वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिच्याकडे एकशे बेचाळीस फायली, एक कुरकुरणारी दुचाकी आणि रहस्यकथांनी भरलेलं एक कपाट होतं. त्या कपाटातल्या गुप्तहेरांकडे एका वेळी एकच प्रकरण असे, याचा तिला फार हेवा वाटायचा.

प्रकरण असं होतं. बाई एकोणऐंशी वर्षांच्या. चौतीस वर्षं ग्रंथपाल होत्या, आता तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. आठ महिन्यांपूर्वी गुडघ्यापायी तिसऱ्या मजल्यावरचं जुनं घर सोडून त्या इथे आल्या, आणि आल्यापासून म्हणू लागल्या की घरात कोणीतरी येतं. वस्तू हलवतं. नेत काहीच नाही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि लिहिलं, 'भास होत असावेत.' परगावच्या मुलाने ते वाचून आईला सरकारी वृद्धगृहात घ्यावं असा अर्ज केला. अर्ज समितीकडे गेला आणि कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे समाजसेविकेचा अहवाल मागवला गेला. अहवालाच्या तिसऱ्या पानावर एक चौकट होती: भास होतात – होय / नाही. बाईंनी उरलेले दिवस आपल्या घरात काढायचे की परक्या दालनातल्या खाटेवर, हे त्या चौकटीवर ठरणार होतं. मुदत पंधरा दिवसांची.

"आणखी काय काय होतं?" ताईने विचारलं.

बाईंनी कपाटातून चपलांचं एक रिकामं खोकं काढलं. त्यात चपला नव्हत्या, कार्डं होती. घरातल्या प्रत्येक वस्तूचं एक.

"हे बघ. मीठ: मांडणी, दुसरा कप्पा, डावीकडून चौथी बरणी. बुधवारी मी गुडघ्याच्या व्यायामाला दवाखान्यात जाते, दोन ते चार. परत येते तेव्हा मीठ डावीकडून पहिलं असतं आणि बरणीला रबरबँड लावलेला असतो."

"रबरबँड?"

"मिठाला एक, साखरेला दोन. मी काढून टाकते. पुढच्या बुधवारी पुन्हा हजर. कपांचे कान सगळे उजवीकडे वळलेले. गालिचा गुंडाळून दारामागे उभा. आणि दारं! एक तर सताड उघडी, नाहीतर घट्ट बंद. मी दार नेहमी अर्धं लोटते, आईने लावलेली सवय."

"ही कार्डं डॉक्टरांना दाखवलीत?"

"दाखवली. त्यांनी ती पण लक्षणांत लिहिली."

ताईला हसू आलं आणि तिने ते खोकल्यात घातलं. बाई मात्र हसत नव्हत्या. त्या कार्डांच्या कडा एकसारख्या करत होत्या.

"खरं सांग हं मुली," त्या म्हणाल्या, "रबरबँड मीच लावत असेन आणि मीच विसरत असेन, असं होऊ शकतं का? चौतीस वर्षांत माझ्या हातून एक पुस्तक चुकीच्या फळीवर गेलं नाही. आणि आता स्वतःच्या घरातल्या मिठाची खात्री देता येत नाही. मुलगा म्हणतो तिकडे माणसं असतील, सोबत होईल. माणसांना मी नाही म्हणत नाही गं. पण वेडी ठरून जायचं नाही मला. नीट शहाणी असताना न्या, मग कुठेही न्या."

यावर काय बोलायचं याचं प्रशिक्षण ताईला दोनदा मिळालं होतं. दोन्ही वेळा शिकवलेलं तिला आठवेना. ती म्हणाली, "बघते मी," आणि तसं म्हटल्यावर बघणं भाग पडलं.

आधी ती समोरच्या शेजाऱ्याकडे गेली. नोकरीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा दारात खुर्ची टाकून बसायचा. अख्खी इमारत त्याला रेडिओ म्हणायची. कारण तो कोणी न लावता सुरू व्हायचा.

"बुधवारी दुपारी या घरात कोणी अनोळखी माणूस येतो का हो?"

"अनोळखी?" रेडिओ खुर्चीतच ताठ झाला. "माझ्या नजरेतून अनोळखी माणूस आत जाईल? मांजर नवं आलं तरी मी चौकशी करतो."

"म्हणजे कोणीच येत नाही?"

"अनोळखी एकही नाही. लिहून घ्या."

ताईने लिहून घेतलं. तपासातली ही पहिली घोडचूक, आणि ती तिने तारीख घालून केली.

त्याच दिवशी मुलाचा फोन आला. "आई कशी आहे, ताई? मी काही वाईट मुलगा नाहीये हो."

"मी कुठे तसं म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हटलं. मीच म्हणतोय दिवसभर. रात्री ती गॅस चालू ठेवून झोपली तर? मी सहा तासांवर आहे. सहा तासांत मी फक्त पोचू शकतो, ताई. पोचून उपयोग काय?"

ताईने हेही लिहिलं, पण अहवालात नाही.

पुढच्या बुधवारी तिने सापळा लावला. टाल्कम पावडरचा अख्खा डबा तिने उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत शिंपडला, दार ओढून घेतलं आणि बाईंना स्वतः टॅक्सीने दवाखान्यात नेलं. दोन तास ती व्यायामाच्या खोलीत स्टुलावर बसून होती. बाई पलंगावर एक पाय वर करून पडल्या होत्या आणि दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, "उमटली असतील का गं पावलं?"

"उमटतीलच."

"चपलांची की अनवाणी?"

"बाई, तो पाय खाली घेऊ नका, व्यायाम घेणाऱ्या डॉक्टर रागावतील."

साडेचारला त्या परतल्या. ताईने एखादं पाकीट फोडावं तसं हलकेच दार उघडलं. पावलं नव्हती. पावडरही नव्हती. फरशी अशी चकचकीत होती की तिच्यात ताईला स्वतःचाच पडलेला चेहरा दिसला. तिच्या कपाटातल्या एकाही गुप्तहेराच्या वाट्याला सापळा ओल्या फडक्याने पुसून ठेवणारा गुन्हेगार आला नव्हता.

बाई भिंतीला धरून उभ्या होत्या. "म्हणजे मी नाही," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, लहान मुलीने विचारावं तसं, "मी नाही ना?"

"तुम्ही कशा असाल? तुम्ही पूर्ण वेळ माझ्यासमोर पाय वर करून पडला होता."

बाई खुर्चीत बसल्या आणि पदराआड नव्हे, सरळ समोर बघत रडल्या. मग चष्मा पुसून म्हणाल्या, "डबा वाया गेला गं तुझा."

साहेबांना मात्र हे पटलं नाही. साहेब मनाने चांगले होते. त्यांचं मन तेवढं कागदाखाली दबलेलं असायचं.

"पुरावा काय आहे, ताई?"

"पावडर नाही, साहेब."

"पावडर नाही, मग काय आहे?"

"तोच पुरावा. पावडर होती, ती आता नाही."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "समितीपुढे मी नसलेली पावडर ठेवू? कोणत्या नमुन्यात? घराची झडती घेतलीत, कुलूप तपासलंत?"

"कुलूप फोडलेलं नाही. आहे तसं आहे. बाईंनी घर घेतलं तेव्हा कुलूप चांगलं होतं म्हणून बदललं नाही."

"मग भूत समजा. भुतासाठी आपल्याकडे योजना नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत अहवाल द्या."

उकल झाली ती सोमवारी, आणि ताई त्या वेळी तपास करतच नव्हती. दुसऱ्याच एका फायलीच्या कामाला ती एका टेलिफोन ऑपरेटर बाईकडे गेली होती. वर्षभरापूर्वी त्यांची दृष्टी गेली होती. ऑपरेटर बाईंनी तिला बसवलं आणि स्वतः चहा टाकला. साखरेसाठी त्यांनी एक बरणी हाताने चाचपली, सोडली, शेजारची उचलली. दोन्ही बरण्यांना रबरबँड होते. एका बरणीला एक, दुसरीला दोन.

ताईच्या हातातला पेन थांबला. "हे रबरबँड..."

"एक म्हणजे मीठ, दोन म्हणजे साखर. प्रशिक्षणात शिकवतात. नाहीतर पाहुण्यांना मिठाचा चहा. तशी एक नणंद आहे माझी, तिच्यासाठी मी मिठाची एक बरणी रबरबँड न लावता ठेवलीय."

"आणि कपांचे कान?"

"सगळे उजवीकडे. चाचपायला लागलं की बोटं चहात."

"गालिचा?"

"पायात येतो. काढून टाकायचा."

"आणि दारं?"

"दारं एक तर सताड उघडी, नाहीतर बंद. आमच्या लोकांची कपाळं फुटतात ती अर्धवट लोटलेल्या दारांवर." त्या वळल्या. "का हो ताई, गप्प का झालात? चहा कडू झालाय का?"

चहा उत्तम होता. ताईने तो उभ्याउभ्या संपवला आणि दुचाकी हाणत रेडिओकडे गेली. म्हणजे बाईंच्या घरात कोणी वस्तू विस्कटत नव्हतं. कोणीतरी ते घर दर आठवड्याला आंधळ्या माणसासाठी लावत होतं.

"बाईंच्या आधी या घरात कोण राहायचं?"

"वाद्यं जुळवून देणारे. एकटेच होते. डोळ्यांनी अधू, पूर्णच. कानाने मात्र असे, की मी खुर्ची हलवली की आतून सांगायचे, डावा मागचा पाय सैल आहे. मागच्या वर्षी दवाखान्यात गेले. तिथेच वारले."

हे गृहस्थ तिच्या ओळखीचे होते. त्यांचं घर तिने पाहिलं नव्हतं, कारण घरी कोणी आलेलं त्यांना खपत नसे आणि दर सहा महिन्यांनी ते स्वतःच काठी टेकत कचेरीत यायचे. कचेरीत फाईल नंबराने चालते. पत्ता आत कुठेतरी असतो. आणि ही फाईल तिची होती.

कचेरीत जाऊन तिने खिडकीजवळचा 'प्रलंबित' असं लिहिलेला ट्रे उपसला. तळाशी ती सापडली. मृत्यूचा दाखला वेळेवर लावलेला होता. त्याला जोडून कचेरीकडून दर बुधवारी मिळणारी घरगुती मदत बंद करण्याचा अर्जही तिच्याच अक्षरात भरलेला होता. फक्त एक जागा रिकामी होती. तिथे छापलं होतं: सेवा बंद करण्यास संमती – लाभार्थ्याची सही. नियमानुसार सहीविना सेवा बंद होत नाही. लाभार्थी वारले होते. वरून खुलासा मागवावा, असं ताईने कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं, आणि मग ट्रेमध्ये वरून बाकीची माणसं येऊन पडली होती.

"साहेब," ती म्हणाली, "गुन्हेगार सापडला."

"कोण?"

"मी."

साहेबांनी फाईल वाचली, दाखला वाचला, पेन्सिलीचं टिपण वाचलं. "तुम्ही इतका तपास करून स्वतःला पकडलंत? गुपचूप मदत थांबवा, अहवालात 'नाही' लिहा, विषय संपला."

"नुसतं 'नाही' लिहिलं तर डॉक्टरांच्या 'होत असावेत'समोर ते टिकेल का?"

साहेबांनी फाईल मिटली. टिकणार नाही, हे त्यांना पंचवीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

बुधवारी बाई दवाखान्यात गेल्या नाहीत. त्या आणि ताई जेवणाच्या टेबलाशी शेजारी शेजारी बसल्या, परीक्षा घ्यायला बसल्यासारख्या. दोन वाजून दहा मिनिटांनी कुलपात किल्ली फिरली. पन्नाशीची एक बारकी बाई आत आली, चपला काढल्या, त्या भिंतीला समांतर ठेवल्या, गालिच्याकडे वाकली आणि दोन माणसं दिसताच जागीच थिजली.

"आई गं! तुम्ही कोण?"

"मी इथे राहते," बाई म्हणाल्या. "तू कोण?"

"मी मदतनीस. कचेरीकडून येते. चार वर्षं झाली." तिने ताईकडे पाहिलं आणि ओळखलं. "ताई, तुम्ही? माझ्याबद्दल तक्रार आली का?"

"बसा मावशी," ताई म्हणाली.

"नको, फरशी व्हायचीय." पण मग ती बसली, खुर्चीच्या अगदी कडेला. या घरात ती पहिल्यांदाच बसत होती. "इथल्या साहेबांना कोणी समोर आलेलं आवडत नाही, म्हणून मी ते शाळेत वाद्यं जुळवायला गेले की यायची. मी त्यांना कधी बघितलंच नाहीये."

"मावशी, माझ्या चपला दिसल्या नाहीत तुला?" बाईंनी विचारलं.

"दिसल्या की. मला वाटलं, म्हाताऱ्याला उतारवयात कोणीतरी मिळाली. बरंच झालं, म्हटलं."

"आणि चष्मा?"

"तोही बघितला. वाटलं, ऑपरेशन झालं असेल."

"मग रबरबँड कशाला लावत होतीस?"

"ऑपरेशनं फसतात हो."

बाईंना हसू फुटलं. ताईला मात्र पुढचं सांगायचं होतं, आणि ते तिने नमुन्यातल्या भाषेत न सांगता सरळ सांगितलं. "मावशी, ते गेले. मागच्या वर्षीच. तुम्हाला कळवायचं काम माझं होतं. मी कळवलं नाही."

मावशी बराच वेळ फडक्याच्या घड्या घालत राहिली.

"टेबलावर माझ्यासाठी दोन बिस्किटं ठेवायचे," ती शेवटी म्हणाली. "बशीवर वाटी पालथी घालून. मागच्या वर्षी ते बंद झालं. मध्ये महिनाभर तर घर रिकामंच होतं. वाटलं, रंग द्यायला सामान काढलंय. मग नवीन सामान आलं, बिस्किटं काही आली नाहीत. म्हटलं, आपलं काहीतरी चुकलंय. तेव्हापासून मी कोपरेसुद्धा हाताने पुसायला लागले."

बाईंनी हात पुढे केला आणि तिच्या हातावर ठेवला. आठ महिने या दोघी एकाच घरात, एकमेकींच्या पाठीमागे, आपलंच काहीतरी बिघडलंय असं समजून राहिल्या होत्या.

बाहेर पडताना ताईने रेडिओला गाठलं. "तुम्ही म्हणालात कोणी येत नाही."

"अनोळखी कोणी येत नाही म्हणालो. ही तर चार वर्षं येतेय," रेडिओ म्हणाला. "तुम्हीच प्रश्न नीट विचारायचा होता."

ताईने अहवाल लिहिला, सात पानी. मृत्यूचा दाखला, सहीची रिकामी जागा, मावशीचा जबाब, कार्डांचं खोकं, पावडरीसकट सगळं. चूक कचेरीची आहे आणि कचेरीतल्या अमुक टेबलावरची आहे, असं लिहून खाली स्वतःची सही केली. 'निरीक्षण' या सदरात तिने एक वाक्य घातलं, आणि साहेबांनी खोडायला सांगूनही खोडलं नाही: सदर महिलेला भास होत नसून, तिच्या घरात जे घडत होतं ते तिने इतर सर्वांपेक्षा अचूक पाहिलं. तिसऱ्या पानावर 'नाही'वर खूण केली ती इतकी जोरात, की ती चौथ्या पानावरही उमटली.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "याने तुम्हाला लेखी ताकीद मिळेल, ताई."

"मिळू दे."

"मीच द्यायची आहे ती. मला मसुदा तरी करून द्या."

अहवालाची एक प्रत तिने बाईंना वाचून दाखवली. बाईंनी 'अचूक' हा शब्द पुन्हा वाचायला लावला. मग मुलाला फोन लावून तिसरं पान त्यालाही ऐकवलं. त्याने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, मी रविवारी येतो. कुलूप बदलू." बाई म्हणाल्या, "बदल, पण मावशीला किल्ली देऊन ठेव."

शुक्रवारी ताई स्वतः समितीच्या दालनात गेली. लिपिकाने सात पानं घेतली, वजन पाहिल्यासारखी हातावर तोलली आणि रजिस्टरचं पान उलटलं.

"हे प्रकरण तर गेल्या आठवड्यातच निकाली निघालंय," तो म्हणाला. "अर्ज नामंजूर. वृद्धगृहात महिलांसाठी बावीस खाटा आहेत, बावीसही भरलेल्या आहेत."